शकूला बोलू द्यायचं नाही

उसाचा हंगाम सुरू झाला की शकू येते. गेल्या चाळीस वर्षांत यात खंड पडलेला नाही. दिवाळीचे आकाशकंदील अजून गच्च्यांवर लटकत असतात, तोवर कळंब्याच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या धावू लागतात. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, आणि वर मोठ्यानं गाणी. वारं तिकडून आलं की राजारामपुरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत गुऱ्हाळाचा वास येतो, गोड आणि किंचित करपलेला. त्या आठवड्यात कधीतरी दारावरची बेल वाजते. दारात शकू, हातात ताज्या काकवीची बरणी.

"काय करालीस गं, माले?"

मी बरणी घेते, तिला खुर्ची देते, चहाचं आधण ठेवते. कपबशा काढता काढता मनात म्हणते, ये बाई, बस. पण यंदाही तुला बोलू द्यायची नाही.

आमच्या मैत्रीचं सगळ्यांना भारी कौतुक. सून तर तिच्या मैत्रिणींना सांगते, आमच्या आईंची मैत्री बघा, साठी उलटली तरी तशीच. सूड म्हटला की लोकांना विळे-कोयते, कोर्टकचेऱ्या असलं काहीतरी दिसतं. काकवी खात खातही घेता येतो हे त्यांना ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे.

यंदा मात्र गोष्ट जरा वेगळी झाली, म्हणून हे सगळं वर आलं. कळंब्याच्या पुढं एका माळावर कुणीतरी 'ड्राइव्ह-इन' काढलंय. गाडी आत घालायची, गाडीतच बसून समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा. सुनेनं आम्हा दोघींना हौसेनं नेलं. पडदा हलू लागला, माणसं तोंडं उघडू लागली, पण आवाज नाही. नातू म्हणाला, "आज्जी, आवाज रेडिओवर येतो. गाडीतला रेडिओ लावायचा."

शकू खुदकन हसली. "म्हंजे आमचंच की रं सगळं. पडदा आन् रेडिओ."

मीही हसले. हा माळ आमच्या जुन्या माळापासून हाकेच्या अंतरावर होता.

तेव्हा आम्ही कळंब्यात राहायचो. कोल्हापूर अजून तिथवर पसरलं नव्हतं. दिवाळी उरकली की तलावाच्या अलीकडच्या माळावर फिरता सिनेमा यायचा. त्याला तंबू म्हणायचो, पण वर छप्पर नव्हतं, नुसती चारी बाजूंनी कनात. मागची बाजू गाड्यांसाठी मोकळी सोडलेली. ऊस कारखान्यावर टाकून परतणारे ट्रॅक्टर तिथं रांगेनं लागत. बैलगाड्या, सायकली, एखादी राजदूत फटफटी. रिकाम्या ट्रॉलीत उसाचं पाचट अंथरायचं, वर घोंगडं, आणि सगळं घरदार त्यात. अंगाला पाचट टोचायचं, केसांत अडकायचं, घरी येऊन आई फणीनं ओढून काढायची. ज्यांना पुढं जागा मिळत नसे ते पडद्याच्या मागं जाऊन बसत. तिथून सगळं उलटं दिसे. गावातले निम्मे लोक कितीतरी दिवस एका नटाला डावखुरा समजत होते.

रीळ दर खेळाला तुटायचंच. ते जोडेपर्यंत शिट्ट्या, आरडाओरडा, कुणाचा तरी बैल सुटायचा. एकदा असंच रीळ तुटलं आणि मी ट्रॉलीत उभी राहून रेडिओवरच्या बाईंची नक्कल केली. "श्रोतेहो, तांत्रिक अडचणीमुळे कार्यक्रमात व्यत्यय आला आहे. क्षमस्व." आजूबाजूच्या चार ट्रॉल्या हसल्या. मग मी बाजारभाव दिले, हवामान दिलं, अमक्या गल्लीत भांडणाची शक्यता असल्याचं सांगितलं. हळूहळू मागची सगळी बाजू गप्प होऊन ऐकू लागली. तंबूवाले अण्णा बॅटरीचा झोत टाकत आले.

"कोण हाय ती पोरगी?"

वडील घाबरून उभे राहिले. "माझीच हाय. चुकलं तिचं, अण्णा."

"चुकलं कशाचं? उद्यापास्नं माईकवर हीच बोलंल."

तो सगळा हंगाम मी बोलले. खेळ सुरू व्हायच्या आधी दिवेलागणीला मी पडद्याखाली स्टुलावर उभी राहायची. ट्रॅक्टरचे दिवे बंद करा. नेसरीचं पावणं, तुमचं घोंगडं हितं राहिलंय, घेऊन जावा. उद्याचा खेळ अमुक. माझा आवाज कर्ण्यातून निघून माळ ओलांडायचा आणि पलीकडच्या कळंबा तुरुंगाच्या भिंतीवर आदळून परत यायचा. आतले कैदीही ऐकत असणार असं सगळे म्हणायचे. मला त्याचं फार बरं वाटायचं. ज्यांना बाहेर येता येत नाही त्यांच्यापर्यंत मी जात होते. एकोणीस वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं असतं?

स्टुलाशेजारी माझ्या कागदावर बॅटरी धरून शकू उभी असायची. गल्लीच्या तोंडाशी तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, आमच्या घरापासून सहावं दार. शाळेपासून आम्ही एकत्र. घरी जाताना ती माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवायची आणि म्हणायची, "बोल की कायतरी. हितं काय हाय तुझ्यात, बघू दे." मला गुदगुल्या व्हायच्या. आता आठवलं की ती दोन बोटं अजून गळ्यावर लागतात.

रेडिओ केंद्रानं तरुणांच्या कार्यक्रमासाठी निवेदक हवेत असं जाहीर केलं. आम्ही दोघींनी अर्ज केला. तिचं अक्षर वाकडंतिकडं, म्हणून तिचाही अर्ज मीच लिहिला. बोलावणं पोस्टानं येणार होतं.

आता आमच्या गल्लीच्या टपालाची रीत सांगायला हवी. पोस्टमनला बोळाबोळांतली घरं शोधायचा कंटाळा. तो सायकल गिरणीशी टेकवायचा आणि सगळ्या गल्लीचं टपाल तिथं द्यायचा. गिरणीच्या फळीवर, अर्ध्या किलोच्या वजनाखाली, ते पडून राहायचं. जो दळण घेऊन येईल तो आपलं आणि शेजाऱ्याचं उचलून न्यायचा. लग्नपत्रिका, दहावीचे निकाल, लष्करातल्या पोरांची पत्रं, सगळ्यावर पीठ. पत्र आलं की आधी झटकायचं आणि मग वाचायचं. यात काही चुकीचं आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गिरणीवर आमचा देवळाएवढा विश्वास होता.

मी रोज गिरणीत जायला लागले. आज शेरभर ज्वारी, उद्या तांदूळ, परवा नुसते हरभरे. आई वैतागली. "घरात पीठ किती झालंय बघ. किडं पडतील त्यात!"

पट्ट्याच्या खडखडाटात मी ओरडून विचारायची, "शके, टपाल?"

केसांवर, भुवयांवर पीठ उडालेली शकू मान हलवायची. "न्हाय की गं. आलं तर मीच पळत येतो की तुझ्याकडं." आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. रेडिओवर गेल्यावर ती माईकपुढं तेवढं 'येते, जाते' म्हणायला शिकली.

हो, ती गेली. एका सकाळी ती ठेवणीतली साडी नेसून शहरात गेली, मावशीकडं जातो म्हणून. महिन्याभरात गिरणीतल्या रेडिओतून तिचा आवाज आला. सगळी गल्ली गिरणीसमोर जमली होती. तिच्या वडिलांनी त्या दिवशी पट्टा बंद ठेवला. संध्याकाळी ती घरी आल्यावर माझ्या आईनं तिच्या हातावर साखर ठेवली. मी टाळ्या वाजवल्या.

"मला पत्र आलं, तुला न्हाय आलं. आता काय करायचं, माले?" ती म्हणाली. तिनं माझा हात धरला होता.

त्यानंतरचं वर्ष मला कुणी परत दिलं तरी नको. माझा आवाज चांगला नाही अशी माझी पक्की समजूत झाली. लोक गंमत म्हणून हसत होते आणि मी त्याला कौतुक समजत होते, असं वाटायला लागलं. पुढच्या हंगामात अण्णांनी बोलावणं धाडलं तेव्हा घसा बसलाय म्हणून कळवलं. घरातही मी हळू बोलू लागले. वडील म्हणायचे, "काय पुटपुटतीस? नीट बोल की." मला नीट बोलायची लाज वाटायची.

मग पुढची दिवाळी आली. पोस्टमन फराळाला आमच्याकडं आला. बशीतली चकली मोडता मोडता सहज म्हणाला, "ताई, तुमचं त्या रेडिओचं काय झालं म्हनायचं? पाकीट आलतं की. लांबडं, खाकी. दोन आलती, एक गिरणीवाल्यांच्या शकूचं आन् एक तुमचं. तिच्याच हातात दिलती की मी."

मी त्याच्या बशीत आणखी एक चकली वाढली. पाणी आणून दिलं. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि जमिनीवरच बसले. पहिल्यांदा जे वाटलं तो राग नव्हता. मला बोलावलं होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मला बोलावलं होतं. राग नंतर आला, आणि आला तो राहायलाच आला.

तेव्हाच गिरणीत जाऊन तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या. पण मी विचार केला. भांडण होईल, चार दिवस गल्ली गाजेल, मग दोघींच्या आया मध्ये पडतील, हळदीकुंकू लावून समेट करतील आणि ते मिटेल. मला मिटवायचं नव्हतं.

आठ दिवसांनी शकू पहिली काकवी घेऊन आली. उंबऱ्याशी बसून पदराला पीळ देत राहिली. "माले, तुला एक सांगायचं हाय. रागवू नगंस."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढचं सगळं मला दिसलं. ती सांगेल. रडेल. मीही रडेन. ती माझ्या गळ्यात पडेल आणि हलकी होऊन घरी जाईल, रेडिओवर बोलायला मोकळी. माझ्याकडं काय उरेल? मी ताडकन उठले. "थांब, दूध उतू चाललंय." चुलीवर दूधच नव्हतं.

तो पहिला दिवस. तेव्हापासून मी तिला बोलू दिलेलं नाही.

माझं लग्न होऊन मी राजारामपुरीत आले. बालवाडीत शिकवायला लागले. पन्नास पोरांना गप्प करण्यात उरलासुरला आवाज घासला. ती तीस वर्षं रेडिओवर बोलली. सकाळी मी भाकरी थापत असताना ती बाजारभाव सांगायची, दुपारी पत्रोत्तरं, संध्याकाळी फर्माइशीची गाणी. सगळं शहर तिला फर्माइशी पाठवायचं. मी एकही कार्ड पाठवलं नाही. पण ऐकायचे. एकही दिवस चुकवला नाही. तिच्या चुका ऐकायला ऐकायचे. मोठं वाक्य आलं की मध्येच तिला दम लागायचा, तो मला ऐकू यायचा. एकदा तिनं चक्क आदल्या दिवशीचं हवामान वाचलं, त्या दिवशी मी गोड केलं. घरातल्यांना वाटलं एखादा सण विसरला. यात लाजण्यासारखं मला आजही काही वाटत नाही.

आणि दर हंगामाला ती यायची. पहिला घोट झाला की तिचा चेहरा बदलायचा. चाळीस वर्षांत तो चेहरा मला पाठ झाला. खालचा ओठ आत जायचा, उजवा हात पदराकडं. "माले, आपण तंबूत जायचो तवा..." की मी लगेच, "अगं, धाकटीचं ठरलं का?" कधी मुद्दाम कुकरची शिट्टी, कधी शेजारणीला हाक. माझ्या मुलीच्या लग्नात सगळे जेवायला बसल्यावर तिनं मला कोपऱ्यात गाठलं. मी तिच्या हातात अक्षतांचं ताट दिलं. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती उशाशी बसली होती. मी हलू शकत नव्हते, उठून कुठं जाणार? मी डोळे मिटून घोरायला लागले. ती तासभर बसून राहिली. मध्ये एकदा तिनं नाक ओढलं. टाके दुखत होते तरी मला आतून बरं वाटलं.

गुऱ्हाळात रस जितका आटवाल तितका घट्ट होतो. माझंही तसंच झालं. सुरुवातीला राग होता. नंतर नंतर तिला बोलायचंय आणि मी बोलू देत नाही, हेच माझं एक काम झालं. बाकी आयुष्यात माझ्या हातात काही फारसं नव्हतं. नवरा भला, पण घरात त्याचं चाले. बालवाडीत मोठ्या बाईंचं. शकूच्या तोंडाचं कुलूप मात्र माझ्याकडं होतं.

ड्राइव्ह-इनच्या त्या दिवशी मध्यंतर झालं, सून नातवाला घेऊन खायला आणायला गेली आणि गाडीत आम्ही दोघीच उरलो. पडदा पांढरा. बाहेर थंडी. काचेवर आमच्या श्वासाची वाफ. तिनं खालचा ओठ आत घेतला.

"माले, मी आता पुण्याला जातो बघ. पोरगा लई दिवस मागं लागलाय. कायमचीच जातो. हितलं घर बंद करून."

माझा हात आपोआप रेडिओच्या बटणावर गेला होता.

"जायच्या आधी तुला एक..."

मी आवाज वाढवला. कसलीशी जाहिरात लागली होती, गाडी दणाणून गेली. शकू खिडकीकडं तोंड करून बसली. काचेवर बोटानं काहीतरी रेघोट्या मारत होती. जिंकल्याचं समाधान वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण पुढच्या हंगामात ती येणार नाही हे तेव्हाच लक्षात आलं. मग मी कुणाला अडवायचं?

परवा सकाळी मी तिला बसवर सोडायला गेले. दोन पिशव्या आणि एक ट्रंक. गाडी लागलेली, ड्रायव्हर चहा पिऊन आला, लोक चढत होते. पायरीजवळ तिनं माझे दोन्ही खांदे धरले आणि एका दमात बोलली. कुकर नव्हता, शेजारीण नव्हती. मला हलताही येईना.

"तुझं पत्र आलतं, माले. रेडिओचं. माझ्या संगंच आलतं. मी पिठाच्या डब्यात दाबून ठेवलं आन् तारीख गेल्यावर चुलीत घातलं. तू गेली असतीस तर माझा नंबर लागला नसता. मला ठावं हुतं. तुझ्या आवाजापुढं मी कोण? तीस वर्सं मी तुझ्या खुर्चीत बसलो."

चाळीस वर्षांनी कुणीतरी ते म्हणालं. ज्या एका माणसाला म्हणता येत होतं तिनंच म्हटलं, तेही मोजूनमापून नाही, सगळंच्या सगळं. तिचे डोळे भरलेले, माझ्या तोंडाकडं लागलेले. आता मी काहीतरी बोलणार आणि ती सुटणार, हे मला त्या डोळ्यांत दिसलं. छे! इतक्या सहज? हाताशी सगळ्यात धारदार जे सापडलं ते मी उचललं.

"कसलं पत्र? मला काय आठवत न्हाय बघ."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अर्ज न्हवतास केला तू? माझा पण तूच लिवलातास की."

"केला असंल. त्याला किती वर्सं झाली! कोण ध्यानात ठेवतंय?"

मला वाटलं होतं ती कोसळेल. तिची सगळी कबुली मी मातीत घातली होती. पण तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. खांद्यावरचे तिचे हात सैल झाले.

"आठवत न्हाय?" ती म्हणाली. "खरंच? बाई गं! मी आपला एवढी वर्सं जिवाला खात बसलोय, आन् तुझ्या मनात पण न्हवतं व्हय! बरं झालं गं माझे बाई. लई बरं झालं." ती हसली. पदरानं डोळे पुसले, माझ्या गालाला हात लावला आणि पोरीसारखी टुणकन पायरी चढली.

दार फुस्स करून बंद झालं. मी तिथंच उभी. जे चाळीस वर्षं मुठीत आवळून धरलं होतं ते मी स्वतःच्या हातानं, एका वाक्यात, तिच्या पदरात टाकलं होतं. आणि वर माझं बोलावणंही पुसून टाकलं होतं. मला बोलावलं होतं हे माहीत असणारी जगात ती एकच उरली होती. पोस्टमन कधीच गेला. आता तिच्याही लेखी ते काही विशेष नव्हतं.

बस हलली आणि मी धावले. बासष्टाव्या वर्षी, भर स्टँडवर, पदर सावरत.

"शके! सगळं आठवतंय मला! खाकी पाकीट! दोन आलती! सगळं आठवतंय!"

स्टँडवरची माणसं थांबली. रिक्षावाले वळून बघायला लागले. इतक्या मोठ्यानं मी तंबूनंतर कधी बोलले नव्हते. पण एसी बसची काच बंद होती. शकूनं माझं हलणारं तोंड पाहिलं, प्रेमानं मान डोलावली आणि अंगठा कानाला, करंगळी ओठांना लावून खूण केली. पोचल्यावर फोन करतो.

"मावशी, राहू द्या की," एक रिक्षावाला म्हणाला. "दुसरी गाडी हाय अर्ध्या तासानं."

संध्याकाळी तिचा फोन आला. मी वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. मग टेबलाशी बसून कागद ओढला आणि लिहायला घेतलं. पाकिटाचा रंग, गिरणीची फळी, त्या वर्षातलं माझं पुटपुटणं, तिचा वाक्यावाक्याला लागणारा दम, आदल्या दिवशीचं हवामान, कुकरच्या सगळ्या खोट्या शिट्ट्या. एकही गोष्ट सोडली नाही. शेवटी लिहिलं, मला विसर पडलेला नाही आणि मी माफ केलेलं नाही. मग उभी राहिले आणि सगळं मोठ्यानं वाचून बघितलं. कुठं थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, कुठं आवाज खाली आणायचा. कुठंही दम लागला नाही.

स्वयंपाकघरातून सुनेनं विचारलं, "आई, रेडिओ लावलाय का? कुणाचा कार्यक्रम आहे?"

"माझा," मी म्हटलं आणि शकूला फोन लावला.